सरकत्या मेजाची करवत : एका यंत्राची कुळकथा



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या मेजावर आपण लिहितों, ज्या कपाटांत आपलीं पुस्तकें ठेवतों, ज्या दारांतून आपण घरांत शिरतों, त्या वस्तूंनाहि इतिहास आहे. आणि तो शांततेचा आहे असें मात्र नाहीं. त्यांत दंगे आहेत, कायदे आहेत, पेटंटांचे वाद आहेत, आणि कित्येक अनाम कारागिरांचीं गेलेलीं बोटें आहेत. आजच्या भाषणासाठीं मीं असाच एक विषय निवडला आहे. तो म्हणजे सरकत्या मेजाची करवत. आपल्याकडील फर्निचरचे कारखानदार हिलाच पॅनेल सॉ म्हणतात.

या विषयावर आज बोलण्याचें कारण असें, कीं हें यंत्र आतां केवळ कारखान्यांत राहिलेलें नाहीं. दिवसभर कचेरींत बसून सायंकाळीं हौसेनें रंधा हातीं घेणारे गृहस्थ आज शहरोशहरीं आढळतात, आणि त्यांच्या गाळ्यांत हीं यंत्रें लहान आकारांत येऊं लागलीं आहेत. सोयरीक करण्यापूर्वीं कुळ पाहावें ही आपली जुनी रीत. यंत्र घरांत आणतांनाहि ती पाळावयास हरकत नाहीं. शिवाय माझें आयुष्य शाळेंत भूमिति शिकविण्यांत गेलें, त्यामुळें काटकोनाशीं माझें नातें जुनें आहे. आणि या यंत्राची कथा ही एका दृष्टीनें काटकोनाची व मनुष्याच्या हाताची कथा आहे.

प्रारंभ हाताच्या करवतीपासूनच केला पाहिजे. मोठा ओंडका फाडून त्याच्या फळ्या करावयाच्या, तर पूर्वीं सर्व देशांत रीत बहुधा एकच होती. ओंडका उंच टेकूंवर चढवावयाचा किंवा खाली खड्डा खणावयाचा. एका माणसानें वर उभें राहावयाचें, दुसऱ्यानें खालीं. आणि लांब करवत दोघांनीं मिळून वरखालीं ओढावयाची. रेषेवर नजर ठेवण्याचा मान वरच्याचा. खालच्याच्या वांट्याला डोळ्यांत पडणारा भुसा. जसजशी करवत पुढें जाई तसतशी मागची फट मिटूं लागे आणि पातें आवळून धरी. तें तसें होऊं नये म्हणून त्या फटींत लांकडाची पाचर ठोकीत. ही पाचर श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावी. ती पुढें आपणांस पुन्हां भेटणार आहे.

या रीतींत दोन दोष होते. एक म्हणजे माणसाचें बळ फार खर्चीं पडे. दुसरा दोष अधिक मार्मिक आहे. अशा करवतीचे दांते एका दिशेकडे झुकलेले असतात. म्हणून ती एका ओढींत कापते आणि परततांना रिकामी येते. अर्धा वेळ आणि बरेंचसें बळ वाया जातें. पहिल्या दोषावर उपाय आधीं सांपडला. दुसऱ्यावर सांपडावयास आणखी पावणेदोनशें वर्षें लागलीं.

पहिला उपाय हॉलंडांत निघाला. तेथील औतगेस्ट गांवच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नांवाच्या गृहस्थानें १५९३ सालीं पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचें पेटंट मिळविलें. पवनचक्कीचा आंस गोल फिरतो आणि करवत तर वरखालीं जावयास पाहिजे. या दोहोंचा मेळ त्यानें वांकड्या दांड्याच्या योगानें घातला. गोल फिरण्याचें सरळ सरकण्यांत रूपांतर करणारा हा वांकडा दांडा म्हणजे यंत्रविद्येंतील एक मोठीच युक्ति होय. या चक्क्यांमुळें झान नदीकांठचा प्रदेश जहाजबांधणीचें माहेरघर बनला. रशियाचा झार पीटर १६९७ सालीं जहाजबांधणी पाहण्यासाठीं जाऊन राहिला तो याच भागांतील झांडाम गांवीं.

इंग्लंडांत मात्र या यंत्राचें स्वागत निराळ्या प्रकारें झालें. चार्लस डिंग्ले नांवाच्या व्यापाऱ्यानें १७६७ च्या सुमारास लंडनच्या लाइमहाउस भागांत वाऱ्यावर चालणारी लांकूड कापण्याची गिरणी उभारली. शहरांतील करवत ओढणाऱ्या मजुरांस ही आपल्या पोटावर आलेली धाड वाटली. १७६८ च्या मे महिन्याच्या १० तारखेस त्यांच्या जमावानें जाऊन ती गिरणी मोडून टाकली. पुढल्याच वर्षीं पार्लमेंटनें गिरण्या मोडणें हा मोठा फौजदारी गुन्हा ठरविणारा कायदा केला. शाळेच्या पुस्तकांत अशा जमावास अडाणी म्हणून सोडून देण्याची चाल आहे. मला ती न्यायाची वाटत नाहीं. त्या मजुरांचें भाकीत खोटें नव्हतें. त्यांचा धंदा खरोखरच गेला. चुकला तो उपाय. यंत्र मोडल्यानें यंत्राची कल्पना मोडत नाहीं, कारण ती एव्हांना दुसऱ्या दहा डोक्यांत शिरलेली असते.

आतां दुसऱ्या दोषाकडे वळूं. करवत रिकामी परतूं नये असें वाटत असेल तर तिला परतूंच देतां कामा नये. म्हणजे ती सरळ न ठेवतां वाटोळी केली पाहिजे. चक्राला येणें आणि जाणें नाहीं; तें सदैव एकाच दिशेनें जात असतें. हा विचार ऐकावयास सोपा वाटतो, पण सर्व बाजूंनीं सपाट आणि सारख्या जाडीचें पोलादी चक्र बनविणें हें त्या काळीं सोपें नव्हतें. लिखित पुराव्यांत साउदॅम्टन येथील सॅम्युएल मिलर याचें १७७७ चें इंग्रजी पेटंट प्रसिद्ध आहे. त्यांत वापरावयाच्या करवती वाटोळ्या आहेत असा उल्लेख सहजगत्या येतो. सहज उल्लेख येतो यावरून इतिहासाच्या अभ्यासकांनीं असा तर्क केला आहे, कीं ही वस्तु त्यापूर्वींच कोणाच्या तरी कारखान्यांत फिरत असली पाहिजे. त्याच साउदॅम्टनमध्यें वॉल्टर टेलर याचें घराणें ब्रिटिश आरमारास कप्प्या पुरवीत असे, आणि त्यांच्या कारखान्यांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाटोळ्या करवती चालत होत्या.

आरमाराला एवढ्या कप्प्या कशाला, असें कोणी विचारील. शिडांचें जहाज म्हणजे दोरांचें जाळें. प्रत्येक दोर कप्पीवरून ओढावयाचा. त्यामुळें ७४ तोफांच्या एका जहाजाला हजाराच्या आसपास कप्प्या लागत. नेपोलियनशीं युद्ध जुंपलें तेव्हां ही मागणी हातानें पुरी होईना. म्हणून पोर्टस्मथच्या सरकारी गोदींत सॅम्युएल बेंथॅम यांच्या प्रोत्साहनानें, मार्क ब्रुनेल यांच्या कल्पनेप्रमाणें आणि हेन्री मॉड्स्ली यांच्या हातून यंत्रमाला उभी राहिली. ओंडक्यापासून कप्पीपर्यंतचें काम ४५ यंत्रांत वांटून दिलें होतें, आणि त्यांत वाटोळ्या करवतीहि होत्या. १८०८ सालीं तेथें १,३०,००० कप्प्या निघाल्या. पूर्वीं ११० कसबी कारागिरांस लागणारें काम आतां १० साधे मजूर करूं लागले. लाइमहाउसच्या जमावाची भीति येथें आंकड्यांत उतरलेली दिसते.

याच काळांत आपल्या मुंबईची गोदी आरमाराला सागवानी जहाजें पुरवीत होती. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं १८१० सालीं येथें ७४ तोफांचें एक मोठें जहाज बांधून पाण्यांत लोटलें. १७५९ मध्यें जर्मनींत मिंडेन शहराजवळ इंग्रज व त्यांचे दोस्त यांनीं फ्रेंचांवर जय मिळविला होता. त्याची आठवण म्हणून या जहाजाचें नांव मिंडेन ठेवण्यांत आलें. हें नांवहि श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. मुंबईच्या सुतारांचें काम कसें होतें याचा दाखला पाहिजे असल्यास त्याच गोदींत १८१७ सालीं उतरविलेलें ट्रिंकोमाली नांवाचें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर तरंगत आहे.

वाटोळ्या करवतीच्या जन्माची एक कथा अमेरिकेंतहि सांगतात. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हार्वर्ड गांवीं शेकर पंथाची वसाहत होती. तेथील टॅबिथा बॅबिट नांवाच्या भगिनीनें दोन माणसें करवत ओढतांना पाहिलीं, त्यांची अर्धी ओढ फुकट जाते हें तिच्या लक्षांत आलें, आणि तिनें आपल्या सूत काढण्याच्या चाकाला दांत्यांचें चक्र बसवून प्रयोग केला, अशी ती कथा आहे. हिचा काळ १८१३ च्या सुमाराचा सांगतात. तिनें पेटंट घेतलें नाहीं. कथा सुंदर आहे, परंतु मिलरचें पेटंट तिच्याहून ३६ वर्षें आधींचें आहे, आणि पोर्टस्मथचीं यंत्रें तर तेव्हां जोरांत चाललीं होतीं. म्हणून जगांतील पहिली वाटोळी करवत तिची, हें विधान टिकत नाहीं. अमेरिकेंतील पहिली तिची काय, यावरहि विद्वानांत वाद आहे. असें असलें तरी त्या कथेंत एक मर्म उरतेंच. सूत कातणाऱ्या बाईला चाकाचा गुण ठाऊक असतो.

आतां या वाटोळ्या करवतीचें दुसरें अंग पाहूं. मेजाच्या पृष्ठाला फट पाडून तींतून चक्राचा वरचा भाग बाहेर काढला, आणि लांकूड मेजावरून हातानें पुढें ढकललें, म्हणजे मेज-करवत झाली. एकोणिसाव्या शतकांत वाफेच्या आणि पुढें विजेच्या जोरावर ही सर्व जगांत पसरली. पण तिच्या ठायीं असलेला धोका नीट समजून घेतला पाहिजे. ३०० मिलीमीटर व्यासाचें पातें मिनिटाला ४,००० फेरे घेऊं लागलें, तर त्याचा परीघ ९४२ मिलीमीटर म्हणून दांत्याचा वेग ताशीं सुमारें २२६ किलोमीटर होतो. पुढच्या बाजूचे दांते खालीं उतरत असतात. ते लांकडाला मेजावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दांते वर चढत असतात. कापलेल्या लांकडाची फट मिटून तें या मागच्या दांत्यांत आवळलें गेलें, कीं ते त्याला उचलतात आणि पुढें उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर फेकतात. लांकूड उडालें म्हणजे त्याच्यावर टेकलेला हात आधार सुटून पात्यावर जातो. हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों होऊन जातें. म्हणून नुसती सावधगिरी येथें पुरी पडत नाहीं.

यावर तोड काय, तर तीच जुनी पाचर. पात्याच्या लगत मागें पोलादाची एक बांकदार पट्टी उभी करावयाची, म्हणजे कापलेलें लांकूड तिच्या दोहों बाजूंनीं सरकत जातें आणि फट मिटत नाहीं. खड्ड्यावर करवत ओढणारा अडाणी मजूर जें हातोडीनें करीत होता, तेंच यंत्राला शिकविण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. ब्रिटनमध्यें १९२२ सालीं लांकूडकामाच्या यंत्रांविषयीं जे नियम झाले त्यांत ही पाचर, पात्यावरचें झांकण आणि लांकूड ढकलण्याची काठी या तीन गोष्टी कारखानदारांस बंधनकारक केल्या. आपल्या देशांत १९४८ च्या कारखाने कायद्याखालीं प्रांतोप्रांतीं जे नियम झाले, त्यांतहि वाटोळ्या करवतीच्या पाचरीची तरतूद आली. त्याआधींच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें होतें. त्यांत अंगठा गेला तर इतके टक्के, तर्जनी गेली तर इतके, असा हिशेब लिहिलेला असे. ज्यास यंत्रांच्या इतिहासाची दुसरी बाजू पाहावयाची असेल त्यानें तें परिशिष्ट एकदां वाचावें.

या पार्श्वभूमीवर १९०६ सालीं बर्लिन शहरांत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यानें एक नवी रचना केली. तोंपर्यंत सर्व सुधारणा पात्याभोंवतीं चालल्या होत्या. आल्टेनडॉर्फनें पात्याला हात न लावतां मेजाचा विचार केला. त्यानें पात्याच्या डाव्या अंगाला रुळांवर सरकणारें एक लांब मेज बसविलें. लांकूड स्थिर मेजावरून घासत ढकलावयाचें नाहीं. तें या सरकत्या मेजावर ठेवावयाचें, पकडींत घट्ट धरावयाचें, आणि मेजासकट पुढें न्यावयाचें. आगगाडींत बसलेला उतारू जसा स्वतः चालत नाहीं, तसें लांकूड येथें स्वतः हलत नाहीं.

या एका फरकानें दोन मोठीं कामें साधलीं. पहिलें काम भूमितीचें. साध्या मेज-करवतीवर लांकडाची एक कड आधारपट्टीला टेकवून कापावें लागतें. म्हणजे सरळ रेषा कापण्यासाठीं आधीं एक सरळ रेषा हातीं असावी लागते. झाडाची साल अंगावर असलेल्या ओबडधोबड फळीला ती कोठून असणार? सरकत्या मेजाचे रूळच सरळ असल्यामुळें तें ही पहिली रेषा स्वतः देतें. फळी कशीहि वेडीवांकडी असो, पकडींत धरून एकदां पुढें नेली कीं तिला सुतासारखी सरळ कड मिळते. दुसरें काम हाताचें. काम करणारा माणूस पात्याच्या रेषेंतून बाजूला आला. त्याचे हात मेजाच्या मुठीवर राहिले, आणि लांकूड मागें उडालेंच तर त्याच्या वाटेवर छाती राहिली नाहीं.

आल्टेनडॉर्फचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनहून वेस्टफालिया प्रांतांत गेला. आणि तो ज्या शहरीं गेला तें शहर मिंडेन. ज्या शहराचें नांव मुंबईच्या सुतारांनीं हाताच्या अवजारांनीं घडविलेल्या जहाजावर कोरलें गेलें, त्याच शहरांत पुढें सुतारांचें हात वांचविणारें यंत्र तयार होऊं लागलें. हा केवळ योगायोग आहे, त्यांत कार्यकारणभाव शोधूं नये. पण इतिहास वाचणाऱ्याला असे योगायोग आनंद देतात.

असें असलें तरी पुढील तीस वर्षांत या करवतीचा फारसा बोलबाला झाला नाहीं. तो झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याचें कारण लांकूड हेंच होय. युरोपांत लांकडाची टंचाई पडली. भुसा, ढलप्या आणि चिरफळ्या यांना राळेनें चिकटवून दाबलेले तक्ते करण्याची कल्पना मॅक्स हिमेलहेबर यानें खटपट करून पुढें आणली, आणि १९४१ च्या सुमारास ब्रेमेन येथें अशा तक्त्यांचा कारखाना चालूं झाला. युद्धांत मोडलेलीं घरें पुन्हां सजवावयाचीं होतीं; कपाटें लाखोंनीं हवीं होतीं. आपले सुतार ज्याला आठ बाय चारचा बोर्ड म्हणतात त्या २४४० मिलीमीटर लांब व १२२० मिलीमीटर रुंद तक्त्याला रेषा नाहींत, शिरा नाहींत. त्याला रंधा मारून कोन सुधारतां येत नाहीं. तो कापतांनाच काटकोनांत कापला गेला पाहिजे. एवढा अवजड तक्ता स्थिर मेजावर एकट्यानें ढकलणें कठीण, आणि सरकत्या मेजावर अगदीं सोपें. अशा रीतीनें जी युक्ति १९०६ मध्यें वेड्यावांकड्या फळीसाठीं निघाली ती पन्नास वर्षांनीं अगदीं सपाट तक्त्याच्या कामीं आली.

नव्या तक्त्याबरोबर दोन अडचणीहि आल्या. त्यांतील राळ पोलादी दांत्यांची धार लवकर मारते. यावर क्रुप कंपनीनें १९२७ सालीं बाजारांत आणलेला कठीण धातु उपयोगीं पडला. त्याचें नांव विडिया. ज्या जर्मन शब्दांवरून तें बनलें त्यांचा अर्थ हिऱ्यासारखा. या धातूचे तुकडे दांत्यांच्या टोकांना जोडूं लागले. दुसरी अडचण अशी, कीं तक्त्यावर चिकटविलेला गुळगुळीत थर खालच्या अंगाला कापतांना फुटतो, कारण दांता तेथून बाहेर पडत असतो. म्हणून मुख्य पात्याच्या पुढें एक लहान पातें बसविलें. तें उलट दिशेनें फिरतें आणि एकदोन मिलीमीटर खोल अशी रेघ आधीं ओढून ठेवतें, म्हणजे मागून येणारें मोठें पातें त्या रेघेंतूनच बाहेर येतें. सुई टोंचण्यापूर्वीं खडूनें रेघ ओढणाऱ्या शिंप्याचीच ही बुद्धि.

आतां हें यंत्र घरीं कसें आलें तें थोडक्यांत सांगतों. एका मोठ्या वाफेच्या यंत्रावरून पट्ट्यांनीं सर्व कारखाना चालविण्याची पद्धत जाऊन प्रत्येक यंत्राला आपापली विजेची मोटर मिळाली, तेव्हांच यंत्र घरांत येण्याची वाट मोकळी झाली. ऑस्ट्रियांत योहान फेल्डर यानें १९५६ सालीं सुरू केलेल्या कारखान्यासारख्या कित्येक युरोपीय कारखान्यांनीं लहान जागेंत मावणारीं जोडयंत्रें केलीं. त्यांत करवत, रंधा आणि गिरमिट एकाच अंगावर असून करवतीला आंखूड सरकतें मेज असे.

असें यंत्र ज्यानें घेतलें असेल किंवा घेण्याचा विचार चालविला असेल, त्यानें तें मांडावें कसें हेंहि आतां सांगितलें पाहिजे. प्रथम जागा मोजावी. मेज पात्याच्या पुढें जातें तसेंच मागेंहि येतें, म्हणून त्याच्या धांवेच्या दुपटीहून थोडी अधिक लांबी मोकळी लागते. पाणसळ लावून यंत्र चारी पायांवर सारखें बसवावें. अंग पिळलेलें असेल तर पुढची कोणतीच जुळणी टिकत नाहीं. सरकतें मेज स्थिर मेजाहून केसभर उंच असावें, नाहीं तर तक्ता स्थिर मेजावर घासून वळतो. पातें मेजाच्या धांवेला समांतर असावें. यासाठीं पात्याच्या एकाच दांत्यावर खूण करून तो दांता पुढें आणि मागें नेऊन, सरकत्या मेजावर पक्क्या बसविलेल्या काट्यानें अंतर पाहावें. वीज या वेळीं नुसती बंद नव्हे, तर मुळापासून तोडलेली असावी.

यानंतर आडव्या आधारपट्टीचा काटकोन. गुण्या लावून तो पाहावा हें बरोबर. पण गुण्याहून सूक्ष्म अशी एक कसोटी सुतारांनीं काढली आहे, आणि ती पाहून भूमिति शिकविणाऱ्यास धन्यता वाटते. एक चौकोनी तक्ता घ्यावा. त्याची एक कड कापावी. ती कापलेली कड पट्टीला टेकवून दुसरी कापावी. अशा चारहि कडा कापाव्या, आणि मग पांचव्यांदां पुन्हां पहिल्या कडेची एक अरुंद चिरफळी काढावी. पट्टी अचूक काटकोनांत असेल तर चिरफळीचीं दोन्हीं टोंकें सारख्या रुंदीचीं निघतील. पट्टी चुकली असेल तर प्रत्येक कापांत तेवढाच कोन चुकतो. चौकोनाच्या कोनांची बेरीज चार काटकोनच असल्यामुळें ही चूक चौथ्या कोनांत लपूं शकत नाहीं, आणि पांचव्या चिरफळींत ती चौपट होऊन दिसते. उदाहरणार्थ, चिरफळी ५०० मिलीमीटर लांब आहे आणि दोन टोंकांत ०.४ मिलीमीटर फरक आहे. त्याचे चार भाग केले म्हणजे ५०० मिलीमीटरांत खरी चूक ०.१ मिलीमीटर, म्हणजे मीटरभर लांबींत ०.२ मिलीमीटर. डोळ्याला न दिसणारी चूक चौपट करून दाखवावयाची, ही परीक्षकाची रीत यंत्रालाहि लागू पडते.

वापरतांना पाळावयाचे नियम थोडे आहेत, पण त्यांतला एकहि टाकाऊ नाहीं. पाचर पात्याच्या रेषेंत आणि पात्यापासून ३ ते ८ मिलीमीटरांवर असावी. ती काढून काम करूं नये. लांकूड पकडींत धरावें. उभें फाडतांना उजवीकडील आधारपट्टीचें टोंक पात्याच्या मध्यापर्यंतच ठेवावें, म्हणजे कापलेला तुकडा पट्टी आणि पातें यांच्या कैचींत अडकत नाहीं. लहान तुकडा कधींहि नुसत्या हातानें कापूं नये. जर्मन कारागीर यासाठीं दोन लांकडी ठोकळे वापरतात. तुकडा त्या दोहोंमध्यें दाबून मेज पुढें न्यावयाचें. त्या ठोकळ्यांस त्यांनीं प्रेमानें फ्रिट्झ आणि फ्रांझ अशीं माणसांचीं नांवें दिलीं आहेत. सैल बाही, उपरणें, अंगठी, हातमोजे हीं फिरत्या पात्यापाशीं वर्ज्य. आणि भुशाला क्षुद्र समजूं नये. लांकडाची धूळ कर्करोगास कारण होते असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला आहे; ती ओढून घेणारें यंत्र करवतीबरोबरच घ्यावें.

अगदीं अलीकडे या कथेंत आणखी एक प्रकरण जोडलें गेलें. अमेरिकेंत स्टीफन गॅस नांवाच्या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलानें १९९९ सालीं अशी योजना काढली, कीं मनुष्याच्या शरीराचा पात्याला स्पर्श होतांच विजेच्या संकेतांत जो बदल होतो त्यावरून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यांत घुसून तें सुमारें ५ सहस्रांश सेकंदांत थांबावें. बोटाला ओरखडा येतो, पण बोट राहतें. मोठ्या कारखानदारांनीं ही योजना घेतली नाहीं; तेव्हां त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं स्वतःच यंत्र काढून २००४ सालीं तें विकावयास आणलें. सर्वच करवतींना असें साधन सक्तीचें करावें काय, हा वाद तेथें वर्षानुवर्षें चालला. किंमत वाढेल हें एका पक्षाचें म्हणणें, आणि तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणें मेज-करवतीमुळें वर्षास सुमारें ३०,००० जखमी लोक इस्पितळांत येतात, हें दुसऱ्या पक्षाचें उत्तर.

या वादांत आणि लाइमहाउसच्या दंग्यांत मला एक धागा सारखा दिसतो. यंत्रापासून होणारा लाभ एकाच्या पदरीं आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या अंगावर, असें जोंवर असतें, तोंवर यंत्रांत सुधारणा सावकाश होते. पाचरीची युक्ति सर्वांना ठाऊक असूनहि ती सक्तीची व्हावयास १९२२ साल उजाडावें लागलें, याचें कारण बोटें मालकाचीं नव्हतीं. घरगुती कारखान्यांत मात्र मालक आणि मजूर एकच असतात. तेथें लाभहि आपला आणि बोटेंहि आपलीं. पण तेथें तपासणीस कोणी येत नाहीं. कायद्याची मर्यादा घराच्या उंबरठ्यापाशीं संपते, आणि म्हणून ज्या पाचरीसाठीं, ज्या झांकणासाठीं इतक्या लोकांना किंमत द्यावी लागली, तीं अडचणीचीं वाटतात म्हणून काढून ठेवणारे हौशी कारागीर मला ठिकठिकाणीं दिसतात. त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं ती पोलादी पट्टी म्हणजे कारखानदारानें उगाच जोडलेला भाग नाहीं. खड्ड्यांत उभें राहून डोळ्यांत भुसा घेणाऱ्या माणसापासून चालत आलेली ती शिकवण आहे. ती जागच्या जागीं राहूं द्यावी, आणि मग काटकोन साधण्याचा आनंद खुशाल घ्यावा.